ट्रॅक्टरच्या गेमची सवलत

शिरोळच्या अण्णाप्पांचा पाय मोडला आणि ट्रॅक्टरवर बसणं बंद झालं, तेव्हा त्यांच्या लेकीनं, विद्याश्रीनं, त्यांना कोल्हापुरात आपल्या घरी आणलं. कॉम्प्युटरवर ट्रॅक्टर चालवायचा गेम मिळतो हे कळल्यापासून त्यांनी तिच्यामागं टुमणंच लावलं.

"सवलत लागली की घेऊ," म्हणून ती सवलती कळवणाऱ्या तीन वेबसाइटांवर नाव नोंदवून बसली. पहिली रोज 'सवलत!' म्हणून मेल टाकायची, उघडून बघावं तर भाव तोच. दुसरी युरोपातले भाव दाखवायची. तिसरी दिवसाला पन्नास गेम कळवायची, त्यात ट्रॅक्टर सोडून सगळं. महिनाभरात विद्याश्रीचं डोकं पार उठलं.

"अगं, एवढ्यात उसाची भरणी झाली असती की!" अण्णाप्पा करवादले.

चिडून तिनं चौथी शोधली. तिच्यावर प्रत्येक गेमचे जुने भाव तारखेनिशी होते. हा गेम बाजारात आल्यापासून एकदाही स्वस्त झाला नव्हता.

विद्याश्रीनं कपाळावर हात मारला, बाकी तिन्ही बंद केल्या आणि गेम पूर्ण किमतीला घेतला.

अण्णाप्पा दुपारभर नांगरत बसले. ती अजून धुमसत होती, पण त्यांना जेवायला उठवणं तिच्या जिवावर आलं.