भवऱ्याच्या कोंडीची वाट

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये भीमाने भवऱ्याच्या कोंडीतून चौथं प्रेत वर काढलं. बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी टेंभाची वाडी आहे. त्या वाडीत भीमासारखा बुडी मारणारा दुसरा कुणी नव्हता. धबधब्याखालच्या त्या डोहात खडकाची एक कपार होती. बुडालेला माणूस तिथेच अडकायचा, आणि कपारीत कसं शिरायचं ते फक्त भीमाला ठाऊक होतं. म्हणून दर वेळी पोलीस त्याच्याच दारात यायचे.

चौथा मुलगा उल्हासनगरचा, एकोणीस वर्षांचा. त्याला काठावर ठेवून भीमा घरी आला आणि ओट्यावर बसला. आठ दिवस कुणाशी बोलला नाही. नवव्या दिवशी बायकोला, बाळीला, म्हणाला, "त्याचा हात माझ्या मनगटाला लागला. मना वाटलं, धरलान. जिता हाय वाटलं."

बाळीने त्याच दिवशी ठरवलं, हा माणूस आता मेलेल्यांसाठी पाण्यात उतरणार नाही.

पण शनिवार-रविवारी गाड्या भरभरून माणसं यायची ती कोंड बघायलाच. वाडीतल्या बायका तिच्या काठावर चहा, मक्याची कणसं, भाकरी-पिठलं विकायच्या. धोक्याची पाटी होती. लोक तिला टेकून फोटो काढायचे.

यंदा मे महिन्यात बाळीने बायकांना गोळा केलं. "दुकानं खाली नेऊया," ती म्हणाली. "त्या सपाट कातळावर, पाथरीवर. तिथं गुडघाभर पाणी हाय, तळ दिसतो. पोरंबाळंही बसतील."

कौसाबाई वाडीतली सगळ्यात जुनी दुकानवाली. ती उठलीच. "लोक कोंड बघायला येतात बाय, तुझी पाथर बघायला नाय. तुला जायचं तर जा."

बाकीच्या कौसाबाईच्या मागे गेल्या. बाळी दुसऱ्या दिवशी पहार घेऊन एकटीच पाथरीवर गेली. धारदार दगड उपटायचे, कडेला लोटायचे, उतारावर पायऱ्या बसवायच्या. तिसऱ्या दिवशी भीमा येऊन उभा राहिला.

"कशाला मरमर करतंस?"

"तुला परत त्या कपारीत हात घालायला लागू नये म्हणून."

भीमाने तिच्या हातातली पहार घेतली आणि पुढचा दगड उपटला.

पावसाळा लागला, माणसं यायला लागली. बाळीच्या चुलीपाशी थांबायची, विचारायची, "मावशी, वॉटरफॉल किधर है?" आणि वर निघून जायची. जुलैचे तीन रविवार असेच गेले. चौथ्या रविवारी बाळीने कोंडीची वाट फुटते तिथे दोन झाडांना आडवा दोर बांधला आणि स्वतः दोरापाशी बसली. जो येईल त्याला सांगायची. काही ऐकायचे; बरेचसे हसून दोर ओलांडायचे.

ऑगस्टच्या सुरुवातीला अंबरनाथ पूर्वेहून पाच मित्र आले. पुढे होता तो कल्पेश, दांडगा, पोहण्यात तरबेज असल्याचं सगळ्यांना सांगत आलेला.

"टेन्शन नको घेऊ मावशी," तो म्हणाला. "पाच मिनिटं उतरतो, एक रील काढतो, बस."

"उतरा," बाळी म्हणाली. तिने पिशवीतून वही आणि पेन काढलं. "पण आधी यात नाव लिवा. आणि आईचा फोन नंबर."

"आईचा? कशाला?"

"कुणाला कळवायचं ते आमाला म्हाईत पायजे. मागच्या पोराची आई सापडायला संध्याकाळ झाली. तवर तो तसाच काठावर पडलेला." तिने चुलीजवळ बसलेल्या भीमाकडे बोट केलं. "हा माझा नवरा. तुमी बुडलाव तर हाच काढील. चार काढले त्याने. त्याला विचारा, कपारीत माणूस कसा अडकतो."

भीमाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, तेवढंच.

"काय अशुभ बोलताय!" कल्पेश चिडला. त्याने वही हिसकावली, नाव लिहिलं, नंबराचे पाच आकडे लिहिले. सहाव्याला पेन थांबलं.

त्याचा मित्र विनीत हळूच म्हणाला, "छोड ना यार. इधर ही बैठते हैं."

चौघं खाली वळले. कल्पेशने वही बाळीच्या मांडीवर टाकली आणि दोर ओलांडून वर गेला. बाळीने त्याला अडवलं नाही. भीमा उठला, खांद्यावर दोर टाकला आणि बरंच अंतर ठेवून त्याच्या मागे गेला.

वीस मिनिटांनी दोघं परत आले. कल्पेशचे कपडे कोरडे होते.

"एवढा वेळ काठावर उभा होता," भीमा बाळीला म्हणाला. "मना विचारलान, तो मागचा पोरगा कुठून गेला. दावलं मी."

कल्पेश पाथरीवर मित्रांच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसला. मग त्याने हाक मारली, "मावशी, पाच चहा."

जाताना वही त्यानेच मागून घेतली. नंबर पुरा केला नाही. पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कोंडीत उतरू नका. पाथर छान आहे.' विनीतने त्या पानाचा फोटो काढला आणि तो कुठे कुठे पाठवला देव जाणे. पुढच्या रविवारी दोन कुटुंबं पाथर विचारत आली. त्याच्या पुढच्या रविवारी अकरा.

स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत कौसाबाई डोक्यावर कणसांची पाटी घेऊन खाली उतरली.

"तुझं पटलं म्हणून नाय आले," तिने बाळीला बजावलं. "वर गिऱ्हाईक नाय राहिलं म्हणून आले."

"बस की इथं, सावलीत," बाळी म्हणाली आणि आपली चूल सरकवून तिला जागा करून दिली.

मग बाकीच्याही आल्या. दोरापाशी बसायच्या पाळ्या ठरल्या. तरी सप्टेंबरात दोघं जण नजर चुकवून कोंडीवर गेलेच. एक जण घसरला. भीमाने काठावरूनच दोर फेकून त्याला ओढून घेतलं. गुडघे फुटले होते, पण रडत होता, ओरडत होता, जिवंत होता. त्या दिवशी भीमा दोन भाकऱ्या जास्त जेवला.

तो पावसाळा कोंडीने कुणालाही न नेता सरला. दसऱ्यानंतर पाणी उतरलं तेव्हा पुराने अर्ध्या पायऱ्या वाहून नेल्याचं दिसलं. बाळीने फिरून सगळं पाहिलं, पदर खोचला आणि कौसाबाईला म्हणाली, "यंदा सिमेंट घालून बसवूया. ग्रामपंचायतीत उद्याच जायचं. तू येशील ना?"