कमरेएवढा मनोरा

मित्रांनो, माझ्यात राहायला कधीच कोणी आले नाही, तरीही मी एक जुना मनोरा आहे. माझी मूळची उंची माणसाच्या कमरेएवढी. दोहा शहरात समुद्राकाठी जो मोठा मनोरा उभा आहे, त्याच्या आधी मी जन्मलो. तो माझ्यासारखा आहे, मी त्याच्यासारखा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक उलटे समजतात.

सन २००२ मध्ये वसईहून दोह्याला आलेल्या बर्नार्डने मला बनवले. इमारत बांधण्याआधी तिचा छोटा नमुना करतात, ते त्याचे काम. माझे चार भाग एकावर एक बसत. खाली दुकाने, त्यावर कचेऱ्या, त्यावर राहायची घरे आणि सर्वांत वर हॉटेल. हवा तो भाग उचलून आत पाहता येई. पश्चिमेचे ऊन अडवायला मला बाहेरून बारीक जाळी होती. घरांना समुद्राकडे तोंड केलेले सज्जे होते.

सज्जे फार नाजूक. म्हणून घरांचे मजले बर्नार्ड फरीज बिन ओमरान या वस्तीतल्या आपल्या फ्लॅटवर आणून जोडत असे. त्याची बायको जसिंता इस्पितळात नर्स होती. तिने ठेवलेला चहा निवून जाई, तरी हा मान वर करत नसे. एकदा ती म्हणाली, "लग्नात माझ्याकडेसुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतंस."

मला फार बरे वाटले.

नमुन्यात ठेवायची माणसे पांढरी, बिनचेहऱ्याची असतात. पाहणाऱ्याचे लक्ष इमारतीवर राहावे, हा त्यातला हेतू. जसिंताने त्यातली एक बाई उचलली. ड्यूटीवर नखे रंगवायला बंदी होती, त्यामुळे तिची लाल नेलपॉलिशची बाटली भरलेलीच पडून होती. तिची आई नेसायची तसे लाल लुगडे तिने त्या बाईला रंगवले आणि तिला एका सज्ज्यात चिकटवून टाकले.

"अगं, लोक इमारत बघायला येणार, तुला नाही," बर्नार्ड म्हणाला.

"इमारतीत कोण राहतं ते कळायला नको? खरी बांधून झाली की मला या सज्ज्यात नेशील ना?"

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. हो म्हण."

"हो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मला मालकासमोर मांडले. त्याने माझी जाळी पाहिली नाही, हॉटेल पाहिले नाही. त्याचे बोट थेट लाल बाईकडे गेले. सर्वांच्या आधी हिने घर घेतले, असे म्हणून तो हसला. मग तो सगळ्यांना तीच दाखवू लागला. चिमटीत मावणाऱ्या त्या बाईचा मला इतका हेवा वाटला की काय सांगू.

पुढे मला बांधकामाच्या कचेरीत काचेच्या पेटीत ठेवले. समोरच्या खिडकीतून तो मोठा मनोरा वाढताना दिसे. आधी लोक मला पाहत, मग त्याला. नंतर मला पाहायचे थांबलेच. वाळूचे वादळ आले की मी म्हणे, बरे झाले, मळू दे त्याला.

त्याच धुळीमुळे आणि वाऱ्यामुळे वरिष्ठांनी त्याचे सज्जे रद्द केले. तिथे बंद काचा आल्या. मित्रांनो, मी मनातून नाचलो. माझ्याकडे होते ते त्याच्याकडे नव्हते. पण बर्नार्ड माझ्या पेटीची कड धरून बराच वेळ उभा राहिला. जसिंता तेव्हा आजारी होती. सज्जे गेल्याचे त्याने तिला शेवटपर्यंत सांगितले नाही. पुढच्या वर्षी ती गेली.

सन २००७ मध्ये मनोरा पुरा झाला. बर्नार्ड एकटाच वर जाऊन आला आणि कचेरीत येऊन बसला. तिथले साहेब, प्रताप, साताऱ्याचे होते. मी आता चुकीचा झालो, कारण माझ्यात सज्जे आहेत, म्हणून मला टाकून देणार, असे त्यांनी सांगितले.

"मला द्या," बर्नार्ड म्हणाला.

"अरे, ठेवशील कुठे एवढं?"

"एवढं नको, साहेब. राहायचे मजले द्या फक्त."

त्याने हॉटेल उचलून बाजूला ठेवले आणि घरांचे मजले छातीशी धरले. बाकीचा मी त्याच दिवशी कचऱ्यात गेलो.

आता मी बर्नार्डच्या कपाटावर असतो. मला खाली दुकाने नाहीत, वर हॉटेल नाही. जिचा हेवा केला, तिच्यामुळेच एवढा तरी उरलो.

मित्रांनो, हाताने केलेली अशी वस्तू तुमच्या घरी असेल तर ती ओल्या फडक्याने पुसू नका, जोड सुटतात. कोरडा, मऊ ब्रश वापरा. आणि कोणी प्रेमाने काही चिकटवले असेल, तर ते शोभत नाही म्हणून खरवडू नका.

दर शुक्रवारी बर्नार्ड माझे सगळे मजले ब्रशने झटकतो. लाल बाईपाशी आला की ब्रश खाली ठेवतो आणि हळूच फुंकर घालतो. तेवढ्यापुरता मला आजही तिचा हेवा वाटतो.