बारीक झालेला डबा

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रांग जिन्यावरून खाली फुटपाथपर्यंत आली होती आणि रांगेतला जो तो पोट आत ओढून उभा होता. वर पीसबाबा सुई टोचून माणसं जागच्या जागी हलकी करत होते.

पीसबाबा म्हणजे ना पुरते बाबा, ना पुरते डॉक्टर. अंगात पांढरा कोट, गळ्यात मण्यांची माळ आणि टेबलावर काचेच्या पेल्यात एक पांढरंशुभ्र पीस. "शरीर जड नसतं," ते मधाळ आवाजात सांगत, "जड असते ती चरबीची समजूत. डॉक्टर चरबीला दरडावतात, म्हणून ती हट्टाला पेटते. मी तिला सुईतून निरोप देतो. निरोप मिळाला की ती आपणहून निघते." ती निघते कुठून आणि जाते कुठे, हे विचारायचं कोणाला सुचत नसे, कारण तोवर चमत्कार सुरू झालेला असे.

बाहेरच्या खोलीत फरशीवर एक डिजिटल वजनकाटा होता. आधी त्यावर उभं राहायचं, आकडा सगळ्यांनी वाचायचा. मग दंडात सुई. मग बाबा तोच काटा दोन्ही हातांवर तोलून आतल्या शांतिकक्षात नेत, तिथल्या जाडजूड गालिच्यावर ठेवत, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत आणि माणसाला पुन्हा उभं करत. दार सताड उघडं असे, लपवाछपवीचं नाव नाही. आकडा दीड-दोन किलोंनी उतरलेला दिसे. काटा तोच, माणूस तोच, मध्ये फक्त सुई. पुरावा म्हणून माणसाला आणखी काय हवं?

या रांगेतल्या निम्म्या बायका ताईंनी आणल्या होत्या. ताई म्हणजे त्याच रस्त्यावरच्या ब्यूटी पार्लरच्या मालकीणबाई. दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे उजळायचे आणि समोरच्या आरशात स्वतःचं आडवं वाढत चाललेलं शरीर बघायचं, हा त्यांचा धंदाच होता. गुडघे कुरकुरत होते, रक्तातली साखर वाढली होती. त्यांची धाकटी बहीण डॉक्टर. ती चालायला जा, जेवणाकडे लक्ष दे असं कितीतरी वेळा सांगून थकली होती. पण जिचं नाक आपण पुसलं, जिच्या वेण्या आपण घातल्या, तिने आपल्याला ताटातलं काय खावं ते शिकवावं, हे ताईंच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं. त्यातून घरी नवरा काडीसारखा. रंगाचं दुकान चालवणारा हा गृहस्थ समोर येईल ते हाणायचा आणि एक ग्रॅम वाढायचा नाही. असा माणूस रोज शेजारी बसून जेवला की कोणाचीही देवावरची श्रद्धा डळमळते आणि बाबावरची वाढते.

पीसबाबांनी ताईंना पहिल्याच दिवशी 'पिसाची बहीण' म्हटलं. वर्षानुवर्षांत त्यांच्या शरीराबद्दल कोणी बोललेला हा पहिला गोड शब्द. ताई विरघळल्या.

पुढच्या वेळी बाहेरच्या खोलीत काट्यावर त्यांचं वजन होतं तितकंच भरलं. बाबांनी हळहळत मान हलवली. मधल्या दिवसांत तुम्ही शंका खाल्ली, ते म्हणाले, आणि शंकेइतकं पचायला जड काही नाही. घरच्या काट्यावर वजन करायलाही त्यांची बंदी होती, कारण त्या काट्यात म्हणे संसाराचे ताण उतरलेले असतात. सुईचा गुण टिकावा म्हणून जेवण सोडून कोमट पाण्यावर राहायचं आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या, कारण गोळ्यांमुळे चरबीला धीर येतो. ताईंनी साखरेच्या गोळ्या खणात टाकल्या.

आणि मग एके दुपारी, एका गिऱ्हाइकाच्या भुवया कोरता कोरता, ताई दोरा दातात धरूनच खाली कोसळल्या. ती बिचारी बाई एक भुवई कमानीसारखी आणि दुसरी झुडपासारखी अशा अवतारात रस्त्यावर धावली आणि डॉक्टरला घेऊन आली. डॉक्टर म्हणजे अर्थातच धाकटी.

धाकटीने त्यांना आपल्या दवाखान्यात नेलं, रक्तदाब पाहिला, साखर तपासली, सलाईन लावलं आणि सगळं ऐकून घेतलं. उपाशी पोट, शरीरातलं आटलेलं पाणी आणि परस्पर बंद केलेल्या गोळ्या. आणखी थोडे दिवस हे चाललं असतं तर दवाखान्याऐवजी अतिदक्षता विभागात भेट झाली असती, असं तिने सरळ सांगितलं. ताई घाबरल्या खऱ्या, पण हार मानेनात. आकडा डोळ्यांनी बघितलाय, त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

"मग सुई न घेता दोन्ही खोल्यांत वजन करून बघ," धाकटी म्हणाली.

"श्रद्धा नसेल तर काटा हलत नाही."

"बरं. मग जिला श्रद्धाही नाही आणि शंकाही नाही, अशी एखादी वस्तू ठेव काट्यावर. तिचं वजन तसंच राहिलं तर तुझे बाबा खरे. मी स्वतः येऊन दंड पुढे करीन."

ताईंना हे एकदम पटलं. बाबांचा खरेपणा सिद्ध करून धाकटीचं तोंड कायमचं बंद करायची अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. अंगात ताकद आल्यावर त्यांनी नवऱ्याच्या दुकानातून पांढऱ्या रंगाचा एक मोठा सीलबंद डबा उचलायला लावला. काडीसारख्या नवऱ्याने तो धापा टाकत जिना चढून वर आणला. मागून धाकटी आली.

डबा बघून बाबा गोंधळले. ताईंनी हात जोडून सांगितलं, की बहिणीला शंका आहे, ती एकदाची मिटवा. डब्याला सुई नको, फक्त दोन्हीकडे वजन करू. भरल्या हॉलपुढे नाही म्हणणं बाबांना अवघड झालं. डबा सजीव नाही, अशा प्रयोगाने सुईचा अपमान होतो, असं ते काहीतरी बोलू लागले, पण तोवर रंगवाल्यांनी डबा फरशीवरच्या काट्यावर ठेवलासुद्धा. आकडा सगळ्यांनी वाचला. मग ताईंनीच मोठ्या भक्तिभावाने काटा उचलला, आत नेऊन गालिच्यावर ठेवला. नवऱ्याने डबा आणला.

डबा बारीक झाला होता. थोडाथोडका नाही, चांगला किलोभर.

मग मागून कोणीतरी म्हणालं, की डब्याने नाश्ता केला नसेल. खसखस पिकली.

बाबांनी हात वर केले. "माझ्या सान्निध्यात निर्जीव वस्तूही हलक्या होतात," ते म्हणाले. "हाच तर चमत्कार."

"मग आम्हाला सुया कशाला टोचल्या?" भुवईवाल्या बाईंनी विचारलं. त्यांची दुसरी भुवई अजून तशीच होती, त्यामुळे प्रश्न भलताच रागीट वाटला.

ताई मात्र हसल्या नाहीत. त्या डब्याकडे बघत होत्या. त्यांनी नवऱ्याला डबा खाली घ्यायला सांगितला, गालिचा गोळा करून भिंतीकडे ढकलला आणि तोच काटा त्याच खोलीत उघड्या फरशीवर ठेवला. डबा पुन्हा चढला. गेलेला किलो परत आला होता. बाबा तीन हातांच्या अंतरावरच उभे होते, पण त्यांच्या सान्निध्याचा डब्यावर आता काडीचाही परिणाम होत नव्हता.

धाकटी पुढे आली नाही. तिने नुसतं विचारलं, "ताई, गालिच्यावर काट्याखाली बघितलंस का?"

गालिचा पुन्हा पसरून त्यावर काटा आणि काट्यावर डबा ठेवला गेला. ताई कुरकुरत्या गुडघ्यांवर बसल्या, गाल जमिनीला टेकवून त्यांनी भरल्या काट्याखाली पाहिलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. वजन मोजलं जातं ते काट्याच्या चार पायांवर. फरशीवर सगळा भार त्या पायांवरच येतो. गालिच्यात पाय रुततात, काट्याचं पोट गालिच्याला टेकतं आणि थोडा भार गालिचाच परस्पर उचलतो. तेवढा काटा मोजतच नाही.

"तुमची चरबी कुठे गेली नाही," त्या उठत म्हणाल्या. "मीच तुम्हाला इथे आणलं. मी चुकले. माझं ऐकून कोणी गोळ्या बंद केल्या असतील तर आजच हिला भेटा."

लोक वळून बघेपर्यंत पीसबाबा मागच्या जिन्याने खरोखरच हलक्या पावलांनी निघून गेले होते. आरोग्य खात्याने मागे राहिलेल्या बाटल्या तपासल्या, तेव्हा सुईत एक साधं जीवनसत्त्व आणि बरंचसं पाणी निघालं.

डब्याच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी ताई बहिणीच्या दवाखान्यात रीतसर नंबर लावून बसल्या. वजन कमी करणारी खरी इंजेक्शनं असतात का, हे त्यांनी जरा चाचरतच विचारलं. असतात, धाकटी म्हणाली. ती भूक कमी करतात, पोट सावकाश रिकामं होऊ देतात, आणि साखर व वजन दोन्ही वाढलेल्या माणसाला त्यांचा चांगला उपयोग होऊ शकतो. पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हा त्रास अनेकांना होतो, क्वचित स्वादुपिंडाचं किंवा पित्ताशयाचं दुखणंही. काही आजारांत आणि गरोदरपणी ती द्यायचीच नसतात. थांबवली की वजन बऱ्याचदा परत येतं. आणि भूक मेली म्हणून माणूस नुसत्या चहा-बिस्किटांवर राहिला, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणजे सुई घ्या की न घ्या, ताटात कडधान्यं, अंडी, दही, भाज्या लागतातच आणि हातापायांना व्यायाम लागतोच.

"चमत्काराला दुष्परिणाम नसतात, औषधाला असतात," धाकटी म्हणाली. "म्हणून तर ते तपासून, हिशेबाने द्यायचं. घाई नको. तुझ्या तपासण्या होऊ देत, मग दोघी मिळून ठरवू."

हे 'दोघी मिळून' मात्र ताईंच्या लगेच पचनी पडलं. मग त्यांनी दंड पुढे केला, रक्त काढायला.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सकाळी दोघी बहिणी चालायला जाऊ लागल्या आणि वाटेत लहानपणीसारख्या भांडू लागल्या. वजन उतरायला लागलं, पण इतकं हळू, की त्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इंजेक्शनचा निर्णय अजून व्हायचा होता. पार्लरमधल्या खुर्चीत बसलेली एखादी बाई आजही विचारते, की ताई, अमुक सुई फार गुणाची आहे म्हणतात, घेऊ का?

"मला विचारू नका, मी एकदा आकड्याला फसलेय," ताई म्हणतात. "देणाऱ्याला विचारा. यात काय आहे, कोणाला चालत नाही, त्रास झाला तर कोणाकडे जायचं, बंद केल्यावर काय होतं. जो नीट उत्तरं देईल त्याचं ऐका. आणि जो म्हणेल, की प्रश्न विचारलात तर गुण येणार नाही, त्याच्या दारातून तशाच परत फिरा."