बुक्क्याखालचा वास

या मित्रांनो, जवळ या. माझ्या अंगाचा वास सोसवत नसेल तर वारा येतो त्या बाजूला बसा, पण बसा. कीर्तनात बुवा आधी निरूपण करतात आणि मग कथा लावतात. मला निरूपण येत नाही. मी आपली कथाच सांगतो. तिच्यात रक्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मी एक जुनं तट्टू आहे. उमेदीची नऊ वर्षं कासारवाडीच्या मालोजीच्या टांग्याला होतो. चढ आला की चाबूक, चढ संपला की चाबूक, सवारी मिळाली नाही की चाबकाची मूठ. माझा डावा कान त्या मुठीनेच फाटला. एकदा मी चिखलात गुडघ्यांवर बसलो, तेव्हा मालोजी ती मूठ माझ्या डोक्यात घालत सुटला. तेवढ्यात चिंचवडचे कीर्तनकार ज्योतीरामबुवा वीणा घेऊन त्या वाटेने आले. त्यांनी अंगावरची मानाची शाल काढून मालोजीपुढे धरली.

"ही घे आणि हे तट्टू मला दे."

"बुवा, अर्धं मेलंय ते."

"मग उरलेलं अर्धं दे."

तेव्हापासून बुवा आणि त्यांची वीणा माझ्या पाठीवर. गावोगाव कीर्तन झालं की बुवांच्या पाठोपाठ माझ्याही कपाळाला बुक्का लागायचा. टाळाच्या ठेक्यावर मी मान हलवतो म्हणून बायाबापड्या मला भाकरी चारायच्या. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, त्या सुमाराला माझ्या अंगात काहीतरी बिघडलं. थंडीत वाढलेले केस चैत्रात गळतात. माझे गळले नाहीत. उलट मेंढरासारखे कुरळे होऊन लोंबू लागले. गारठ्यातही घाम फुटे. बादल्यांवर बादल्या पाणी पिऊन तहान भागत नसे. आणि वास सुरू झाला. आधी ओल्या गोणपाटाचा, पुढे मेलेल्या घुशीचा.

बुवांनी इथे प्रेमापोटी एक चूक केली. असलं घाणेरडं तट्टू देवळाच्या आवारात कोण घेणार? म्हणून कीर्तनाला निघण्याआधी ते माझ्या अंगभर बुक्का चोळू लागले.

"अहो, देवाला टिळ्यापुरता लागतो," त्यांच्या पत्नी अंबूबाई म्हणाल्या. "याला पायलीभर?"

"त्याचीही सेवाच आहे ना," बुवा म्हणाले.

बुक्का घामात भिजे आणि केसांत थरासारखा बसे. वरून देवळाचा सुगंध, आतून माझं कातडं नासत चाललेलं.

मार्गशीर्षात निघोज्याला सप्ताह होता. त्या साली तिथे बुळकांडीने गुरं पटापट मरत होती. गेनबा नावाच्या शेतकऱ्याची बैलजोडी आठ दिवसांत गेली होती. मी देवळापुढच्या लिंबाला बांधलेला. ऊन चढलं तसा वास सुटला. गेनबा जवळ आला आणि जागच्या जागी थांबला.

"ह्यो वास माज्या गोठ्यातला हाय," तो म्हणाला. "बैलं पडली तवा असाच येत हुता."

"गावोगाव हिंडतंय. ह्येनंच आणलाय रोग," मागून कोणी बोललं.

"आन वर बुक्का लावून लपवलाय."

पहिला दगड डोळ्यावर बसला. तो डोळा तिथेच गेला. मग काठ्या आल्या. दोर आखूड होता. मी झाडाभोवती फिरत राहिलो आणि दोर अजून आखूड होत गेला. बुवा धावत आले आणि माझ्या गळ्याला मिठी मारून उभे राहिले. एक काठी त्यांच्या मनगटावर उतरली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"बाजूला व्हा बुवा," गेनबा म्हणाला. त्याच्या हातात आता कुऱ्हाड होती.

तेव्हा बिरू पुढे आला. हा धनगर; त्याची मेंढरं गावच्या रानात खतासाठी बसवलेली. त्याने माझा पुढचा पाय उचलून सगळ्यांना खूर दाखवला.

"बुळकांडी फाटक्या खुराला धरती. ह्यो खूर अखंड हाय. वास केसाखालनं येतोय. मला कातर लावू द्या. रोग घावला तर कुऱ्हाड हायच."

"आन न्हाई घावला तर?"

"तर मला चा पाज, गेनबा. सकाळधरनं कोणी इचारलं न्हाई."

त्यांनी मला पाडलं, पाय बांधले. गेनबा कुऱ्हाड घेऊन मानेवर बसला. बिरूची कातर चालू लागली, गोळे झालेले केस कातड्यासकट निघू लागले. पाठीवर खोगीर बसतं तिथे वीतभर जखम उघडली, किड्यांनी बुजबुजलेली.

"खोगीर लागलंय. ह्यो रोग न्हाई," बिरू म्हणाला.

बुवांनी बुक्क्याने काळ्या पडलेल्या आपल्या तळव्यांकडे पाहिलं. "मी झाकत राहिलो," एवढंच बोलून ते खाली बसले.

बिरूने किडे उकरले आणि तंबाखूचं पाणी ओतलं. त्या आगीने मी तडफडलो आणि पायाचा दोर निसटला. मित्रांनो, मी लाथ मारली. सगळी ताकद लावून मारली, आणि ती बिरूच्या जबड्यावर बसली. गेनबाने कुऱ्हाड उचलली. बिरूने दोन दात थुंकले आणि हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. मी बी मारली असती."

गेनबाने कुऱ्हाड टाकली. माझा तोच पाय छातीशी आवळून तो शेवटपर्यंत बसला. नंतर बिरूला त्याने चहा दिला, पण बिरूला तो पिता आला नाही.

मी जगलो. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा वयाचा विकार आहे, केस वाढतच राहणार. आता अंबूबाई ते वेळोवेळी कातरतात, पाठ धुतात, पाठीवर बोट फिरवून बघतात. बुक्का फक्त कपाळाला.

पुढच्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा सप्ताहाला गेलो, तेव्हा बिरूची मेंढरं निघोज्याला आली होती. सोबत बिरूचा भाऊ होता. बुवांनी बिरूबद्दल विचारलं.

"जबडा आतनं चिघळला," तो म्हणाला. "फडकं बांधून हिंडायचा. आमी म्हटलं, दातदुखी असंल. आषाढात गेला."

मित्रांनो, कोणाच्या अंगाला वास आला तर दगड उचलू नका, अत्तरही लावू नका. केस बाजूला सारून बघा. माझे केस ज्याने सारले, त्याच्या जबड्याचं फडकं मात्र कोणी सोडून बघितलं नाही. कीर्तन संपताना तुमच्या कपाळाला बुक्का लागेल, तेव्हा त्या बिरूची एवढी आठवण ठेवा.