चर्चपाशी डावीकडे

देवदत्तला "माहीत नाही" एवढं म्हणायला फार जड जायचं. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत कुणी कुठे फिरायला निघालं की पहिला फोन याला. हॉटेल कुठलं घेऊ, गाडी कुठून घेऊ, मुलांना चालायला फार पडेल का, सगळं याला विचारायचं. नोकरी सॉफ्टवेअरची, पण जीव सगळा नकाशांत अडकलेला. लोक थट्टेनं "देवदत्त टूर्स" म्हणायचे आणि हा "कसलं काय" म्हणत आतून फुलायचा. बरं, माणूस काही लबाड नव्हता. अलास्का, यलोस्टोन, जिथे गेला होता तिथलं अगदी चोख सांगायचा. घोळ एवढाच, की जिथे गेला नव्हता तिथलंही तितकंच चोख सांगायचा.

जर्मनीचं असंच झालं. ऑफिसच्या कामासाठी तो एकदा तिकडे गेला होता, तोही ऐन उन्हाळ्यात. हॉटेल ते ऑफिस आणि ऑफिस ते हॉटेल, एवढीच काय ती जर्मनी. पण एका पार्टीत कुणीतरी विचारलं, "खेड्यांकडे गेलास का रे?" आणि याच्या तोंडून "हो तर" निघून गेलं. पुढे त्या "हो तर"ला पाय फुटले. एका पार्टीत खेडं आलं, दुसऱ्या पार्टीत बर्फ आला, तिसऱ्या पार्टीपर्यंत नाताळ आला आणि सोबत नेत्राही आली. नेत्रा म्हणजे त्याची बायको. ती जर्मनीत कधी उतरलीसुद्धा नव्हती. त्या दिवशी तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता.

हा थांबला नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळानं त्याला माइक दिला आणि विषय ठेवला, नाताळात जर्मनीची खेडी. देवदत्तनं बोलायचं म्हणून मन लावून वाचलं होतं. भाड्याच्या गाडीला बर्फात चालणारे टायर आहेत ना ते आधी विचारून घ्या. खेड्यात कार्ड चालेलच असं नाही, रोख जवळ ठेवा. अंधार फार लवकर पडतो, तेव्हा गाडी दिवसाउजेडीच चालवा. इथवर सगळं बरोबर होतं. मग टाळ्या पडल्या आणि गडी सुटला. म्हणाला, "खरा नाताळ बघायचाय ना, मग ऐन चोवीस-पंचवीसला खेड्यात असा. बाजार, रोषणाई, खाणंपिणं, नुसती धमाल." हे मात्र त्यानं कुठेही वाचलेलं नव्हतं. त्याच्या आजोळी जत्रा भरायची. सणाच्या दिवशीच गाव सगळ्यात जास्त गजबजतं, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. मग जर्मनीत तरी वेगळं काय असणार, असं त्यानं आपल्या मनाशी धरून टाकलं.

आणि वर एक टोमणा मारला. "आणि कृपा करा, दशम्या आणि मेतकुटाचे डबे घेऊन जाऊ नका. तिथे पावलोपावली खायला मिळतं. आपली माणसं कुठेही गेली तरी स्वयंपाकघर पाठीवर घेऊन हिंडतात." सभागृह खदखदून हसलं. पुढच्या रांगेत कांचनकाकू बसल्या होत्या, त्याही हसल्या.

कांचनकाकू आणि दिगंबरकाका म्हणजे शॉमबर्गमधलं सगळ्यांचं माहेर. आयुष्य इकडे गेलेलं, आता दोघंही रिटायर. देवदत्त आणि नेत्रा नवीन आले तेव्हा पहिलं जेवण यांच्याकडे, मुलगी रुही झाली तेव्हा डिंकाचे लाडू यांच्याकडचे. काका मोठे ताठ गृहस्थ. कुणाचं फुकट खायचं नाही आणि कुणाकडे काही मागायचं नाही. डायबेटिसची गोळीसुद्धा दुसऱ्यांसमोर घ्यायचे नाहीत. त्यांच्या मनात देवदत्तचं भाषण ठसलं आणि त्यांनी तिकिटंच काढली. काकूंनी सवयीनं दशम्या केल्या होत्या, चिवडा भरला होता. निघायच्या दिवशी काकांनीच त्या पिशव्या बॅगेतून बाहेर काढायला लावल्या. देवदत्त हसेल, म्हणाले.

चोवीस तारखेला देवदत्तच्या घरी चारपाच कुटुंबं ब्रंचला जमली होती. इकडे अजून सकाळ होती, तिकडे केव्हाच अंधार पडलेला. टेबलाशी गप्पा रंगलेल्या असताना काकूंचा फोन आला आणि देवदत्तनं मोठ्या ऐटीत सांगितलं, "थेट जर्मनीहून आहे बरं का." सगळ्यांनी कान टवकारले.

काकूंचा आवाज मात्र सुट्टीवर गेलेल्या माणसाचा नव्हता. त्या हळू बोलत होत्या, बहुधा काका जवळच होते. दुपारी त्या खेड्यातल्या भाड्याच्या घरात पोचले, तर गावातलं एकूण एक दुकान सणासाठी बंद. हॉटेल बंद, बेकरी बंद, पेट्रोल पंपसुद्धा बंद. बाजाराच्या चौकात नुसत्या रिकाम्या टपऱ्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आता जेवायला मिळेल म्हणून काकांनी गोळी घेऊन ठेवलेली आणि दिवसभरात पोटात काही नाही. पर्समधली चॉकलेटं संपली होती. काकांना घाम फुटला होता आणि ते उगाच चिडचिड करत होते.

"तू राहिलायस ना रे इथे," काकू म्हणाल्या. "तुम्ही जेवायला कुठे जायचात?"

आता इथे दोनच शब्द बोलायचे होते. ते बोलला असता तर काकूंनी लगेच दुसरा काही उपाय केला असता, शेजारी गेल्या असत्या, तिथल्या ॲम्ब्युलन्सला फोन केला असता. देवदत्तला हे कळत नव्हतं असं नाही. पण टेबलाभोवती सगळी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. नेत्रा हातातला चमचा तसाच धरून उभी होती. त्याची जीभ आपोआप वळली.

"पुढच्या गावात जा काकू. चर्चपाशी डावीकडे वळायचं. तिथे एक छोटं हॉटेल आहे, घरगुती. ते उघडं असतं."

चर्च कुठल्या गावात नसतं? आणि चर्चपाशी आलं की कुणी ना कुणी डावीकडे वळतंच.

काकूंनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मंडळी पुन्हा इडलीकडे वळली. कुणीतरी म्हणालं, यार, याला तिथली गल्लीसुद्धा पाठ आहे. देवदत्तनं मान डोलावली आणि आपली ताटली बाजूला सरकवली. पाहुणे गेल्यावर नेत्रा एवढंच म्हणाली, "त्यांना काही झालं तर?" आणि भांडी विसळायला लागली. तो गराजमध्ये जाऊन काकूंना फोन लावत राहिला. फोन लागत नव्हता. आपण एका आजारी म्हाताऱ्याला बर्फाच्या रस्त्यावर, अंधारात, नसलेल्या हॉटेलात धाडलं. कोण काय म्हणेल, एवढ्यासाठी. त्याला स्वतःची अशी किळस याआधी कधी आली नव्हती. रुहीनं येऊन विचारलं, "Baba, are you crying?" तो म्हणाला, थंडीमुळे.

आणि दुसऱ्या दिवशी काकांचा मेसेज आला. "हॉटेल सापडले. जेवण फर्स्ट क्लास. तुझे उपकार."

देवदत्तनं तो तीनतीनदा वाचला. आधी त्याला फार हायसं वाटलं. मग हळूहळू, सांगायलाही लाज वाटते, पण त्याला थोडा अभिमान वाटायला लागला. म्हणजे हॉटेल होतं तर! आपला अंदाज बरोबर निघाला. संक्रांत येईपर्यंत त्याची समजूत पक्की होत आली होती, की आपण अगदीच खोटं काही बोललो नव्हतो.

संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी काकूंकडे. देवदत्त आणि नेत्रा जरा लवकरच गेले. बाहेर गोठवणारी थंडी, आत तिळाचा वास. काका दारातच कडकडून भेटले. देवदत्त स्वयंपाकघरात गेला आणि काकूंच्या हातातला ट्रे घेत हसत म्हणाला, "काय काकू, आमचं हॉटेल कसं वाटलं?"

काकूंनी दिवाणखान्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पाण्याचा नळ मोठा सोडला.

"ते हॉटेल नव्हतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी भांडी धुता धुता सगळं सांगितलं, त्याच्याकडे न बघता. गाव आलं, चर्च आलं, डावीकडे वळले. तिथे एक मोठं घर होतं, खिडक्यांत दिवे, दारावर पानांची माळ. आत लांब टेबल दिसत होतं. कुणीतरी हातात भांडं घेऊन आत शिरत होतं, त्याच्या मागोमाग काकाही शिरले. काकूंनी दारातच लहान मुलांचे बूट बघितले आणि त्यांच्या लक्षात आलं. पण काका तोवर कोट काढून रिकाम्या खुर्चीवर बसले होते. इंग्रजीत सूप मागत होते. बायकोसाठी व्हेजिटेरियन काय आहे ते विचारत होते. मुलं हसायला लागली, तशी एका म्हातारीनं त्यांना दटावलं.

"मी त्या घरच्या मोठ्या मुलाला बाजूला घेतलं," काकू म्हणाल्या. "त्याच्यासमोर हात जोडले. म्हटलं, माझ्या नवऱ्याची शुगर उतरलीय, त्यांना हे हॉटेल वाटतंय, त्यांना काही खायला द्या. आयुष्यात मी कुणाच्या दारात जेवण मागितलं नव्हतं रे."

देवमाणसं होती ती. त्यांनी काकांना काही कळू दिलं नाही. त्यांच्या सणाचं जेवण, बटाट्याचं सॅलड, ब्रेड, सगळं वाढलं. शेवटी काकांनी बिल मागितलं. काकू म्हणाल्या, सणाच्या दिवशी इथे पैसे घेत नाहीत. तरी काका ते, ऐकतात कसले. ताटाखाली टीप ठेवून आले. ती उचलताना म्हातारीचा चेहरा कसा झाला, ते काकूंनी बघितलं होतं.

देवदत्तच्या हातात ट्रे तसाच राहिला होता. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं असं म्हणतात ते त्याला आज कळत होतं, आणि काकूंच्या स्वयंपाकघरातली ती पांढरी फरशी काही दुभंगत नव्हती.

"काकू, मी तिथे कधी गेलोच नाही," तो म्हणाला. "मी आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगतो. काकांनाही सांगतो."

"अजिबात नाही."

"पण मला हे सहन होणार नाही."

"तुला हलकं वाटावं म्हणून मी त्यांना कळू देऊ, की ते परक्याच्या घरात भिकाऱ्यासारखे जेवून आले?" काकूंचा आवाज पहिल्यांदाच चढला आणि लगेच खाली आला. "ते आता कुणापुढे मान वर करणार नाहीत. तुला लाज वाटायचीय ना? खुशाल वाटू दे. पण गप्प बसून."

नळ बंद करून त्या बाहेर गेल्या.

दिवाणखाना भरला होता. काकांनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि जर्मनीची गोष्ट सुरू केली. रंगवून सांगत होते. तो अंधार, तो बर्फ, चर्चपाशी डावीकडे वळणं, आणि मग ते हॉटेल, किती घरगुती, किती आपुलकीचं, मुलं टेबलाशी खेळतायत, पैसेसुद्धा घेईनात. लोक वाहवा करत होते. कोपऱ्यात नेत्रा जमिनीकडे बघत बसली होती. देवदत्त भिंतीला टेकून उभा होता आणि काका दर दोन वाक्यांनी त्याच्याकडे बोट करत होते. या मुलानं आमचा जीव वाचवला, म्हणाले. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांसाठी तो आजवर काय काय बोलला होता. आज त्याला कान झाकून घ्यावेसे वाटत होते.

"आणि ऐका," काका म्हणाले, "पुढच्या नाताळात आपण सगळे जायचं. त्याच हॉटेलात, मोठं टेबल बुक करून. देवदत्त, तुझ्याकडे त्यांचा नंबर असेल ना? नाव काय रे मालकिणीचं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. काकू हातात तिळगुळाचं तबक घेऊन दाराशी थांबल्या होत्या. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांनी खूण केली नाही, नुसत्या थांबल्या होत्या.

"काका," देवदत्त म्हणाला, "ते हॉटेल बंद झालं."

"बंद? अरे, आत्ताच तर जेवून आलो आम्ही."

"हो. तुम्ही आल्यानंतरच. त्या बाईंना झेपत नव्हतं म्हणे. आता तिथे नुसतं घर आहे."

काकांचा चेहरा उतरला. फार वाईट झालं, म्हणाले, अशी माणसं आता कुठे मिळतात. मग मागून मंडळातला अतुल कौतुकानं म्हणाला, "बघा, याला तिथली किती बारीक खबर असते." आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

काकू तबक घेऊन फिरायला लागल्या. एकेकाच्या हातावर तिळगूळ ठेवत होत्या आणि हसून म्हणत होत्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला." नेत्रालाही म्हणाल्या, अतुललाही म्हणाल्या, अगदी रुहीच्या चिमुकल्या हातावर ठेवतानाही म्हणाल्या. मग त्या भिंतीपाशी आल्या. देवदत्तनं हात पुढे केला. काकूंनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, "घे" म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.