टॅपेट वाजतंय

गाडी चालू असताना रेडिओ लावायचा नाही, हा माझा नियम. तीस वर्षं मी गॅरेजमध्ये इंजिनं कानाने तपासतोय. इंजिन आजारी पडायच्या आधी कुरकुरतं, आणि वर गाणी लावली तर ती कुरकुर ऐकणार कोण?

या नियमापायी मी लेक गमावायला निघालो होतो.

ठकू कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये नुकतीच लागली. लॅब गॅरेजच्या वाटेवरच, त्यामुळे सकाळचा पाऊण तास आम्ही दोघं एका गाडीत. मी इंजिन ऐकतो, ती खिडकीबाहेर बघते. सोमवारी ती म्हणाली, "बाबा, पुढच्या सोमवारपासून मी बसने जाईन. इथे तोंडाला कुलूप. बसमध्ये निदान लोक भांडतात तरी."

मी तोऱ्यात "जा की" म्हणालो, पण गिअर चुकीचा पडला. घरी ती आईची असते. हा पाऊण तासच काय तो माझ्या वाट्याचा, आणि मी तो मुक्यासारखा घालवला होता.

मंगळवारी मीच रेडिओ लावला.

"बरं वाटत नाहीये का?" ठकूने विचारलं.

नव्या रॉक बँडांचा कार्यक्रम लागला. निवेदिकेची बडबड संपली, आणि पाठोपाठ टक-टक-टक सुरू झालं. माझे कान टवकारले.

"इंजिनातलं टॅपेट वाजतंय." मी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं आणि आत कान लावला. इंजिन शहाण्या पोरासारखं चाललेलं. मागे सरकलो की टकटक पुन्हा हजर. "बंद कर गं गाडी," मी ओरडलो. तिने इंजिन बंद केलं. टकटक थांबली नाहीच, उलट वर गिटार किंचाळायला लागली.

ठकू पोट धरून हसत होती. "बाबा, ड्रम आहे तो. रेडिओत."

मी चिडणारच होतो. पण ही पोरगी माझ्यासमोर इतकी शेवटची कधी हसली होती, ते मला आठवेना. मग तिथेच उभं राहून मी अख्खं गाणं ऐकलं. खोटं कशाला बोलू, आवडलं. ड्रमवाल्या पठ्ठ्याचा एक ठोका चुकला नाही. बँडचं नाव मात्र एका ट्रकच्या हॉर्नने गिळलं. ठकूच्या फोनलाही ते गाणं ओळखता येईना, इतकं नवं.

बुधवार-गुरुवार आम्ही त्या गाण्याची वाट पाहिली. दुसरीच गाणी लागली, त्यांवरून भांडलो.

"याचा सायलेन्सर फुटलाय."

"बाबा, तो गायक आहे."

शुक्रवारी नेमकं लॅबच्या फाटकाशी ते लागलं. ठकूला उशीर झाला होता. "मी पळते. नाव नीट ऐकून ठेवा," म्हणत ती उतरली. मी फाटकासमोर गाडी उभी करून, मागच्यांच्या शिव्या खात, नाव ऐकलं.

दुपारी तिचा फोन आला. माझे हात ग्रीसने माखलेले, फोन खांद्याने कानाशी दाबलेला.

"नाव कळलं?"

"कळलं. सोमवारी सांगेन. पावणेआठला, गाडीत."

"मी बसचा पास काढलाय, बाबा."

"मग बसमध्ये विचार कुणाला तरी."

"महाबिलंदर आहात," ती म्हणाली आणि फोन ठेवला. शनिवार-रविवार तिने आईकडून वशिला लावून पाहिला. मी ताकास तूर लागू दिली नाही. पण रविवारी रात्री मला झोप आली नाही. पोरगी माझ्यासारखीच हट्टी, एकदा बस म्हणाली की बस.

सोमवारी साडेसातलाच खाली उतरलो. गाडीची किल्ली घरात खुंटीवर नव्हती, ती गाडीतच होती. ठकूही आत बसलेली, रेडिओ लावून.

"सांगा नाव," ती म्हणाली.

"आधी इंजिन गरम होऊ दे," मी म्हणालो, आणि आवाज थोडा वाढवला.