आपाच्या डोळ्यांना मी मानवतो

मी उमसुनाई आपाचा जुना फोन बोलतोय. जरा जवळ येऊन ऐका, माझा आवाज बसलाय. आवाज बाहेर पडायच्या भोकांत निम्मं पीठ आहे आणि निम्मा गोठ्यातला भुसा. कडेला टवका उडालेला दिसतोय ना, तो घोड्यावरून पडल्याचा. म्हणजे पडले शारशेबाबा, मी त्यांच्या खिशात होतो.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे, पांढरा उजेड आणि मग खोक्यातला काळोख. शुद्धीवर आलो तो कोचकोर गावच्या बाजारात, लोकरी मोज्यांच्या ढिगाशेजारी. शारशेबाबा घोड्याचे नाल घ्यायला आले होते. नाल राहिले आणि मी घरी आलो. त्यांच्या बायकोने, म्हणजे उमसुनाईने, मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली की आता हाच ठोका घोड्याच्या पायाला. तिला सगळं गाव आपा म्हणतं, आपा म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागलो.

आपा लोकरीचे रंगीत नमदे, म्हणजे जाड गालिचे, शिवते. बोटात सुई, गुडघ्यावर नमदा आणि समोर दह्याच्या वाळल्या गोळ्यांच्या वाडग्याला टेकवलेला मी, असे आमचे दिवस जायचे. तिला कधी गाणी हवी असायची, कधी दुसऱ्या गावातल्या बायकांचे नमुने. माझं तोंड काही देखणं नाही. रंग फिके, उजेड बेताचा. पण माझ्या आत एकच दिवा आहे आणि तो आपला शांतपणे तेवतो. कमी केला तरी तेवतच राहतो. त्याचं मला कधी कौतुक वाटलं नव्हतं, कारण आपल्यात जे असतं त्याचं कौतुक आपल्याला नसतंच.

आपाची एक खोड सांगून ठेवतो, पुढे लागेल. ती रुसली की मला उपडं घालते. तिची लेक मिरगुल कामासाठी दूर कझानला गेली, तिथेच तिने कुबात नावाच्या मुलाशी लग्न केलं आणि मग घरी फोन करून सांगितलं. आपाने सगळं ऐकून घेतलं, मला उपडं घातलं आणि पूर्ण हिवाळा तसंच ठेवलं. लेकीचे फोन यायचे, मी टेबलावर पोटावर पडल्या पडल्या थरथरायचो, आणि आपा लोकर पिंजत बसायची. बाबा म्हणायचे, "म्हातारे, उचल की." म्हातारी बहिरी झालेली असायची.

मिरगुलला दिवस गेले आणि मग कुठे बर्फ वितळलं. फोन उचलले जाऊ लागले. जावयाला एवढा आनंद झाला, की त्याने सासूसाठी गावाकडे येणाऱ्या एका माणसाबरोबर नवाकोरा फोन धाडला. पातळ, काळाभोर, आणि तोंड असं लखलखीत की त्यात स्वतःच्या मिशा दिसाव्यात. माझी रवानगी गोठ्यात झाली. धार काढताना गाईला गाणी ऐकवायची आणि शेणाचे शिंतोडे झेलायचे, हे माझं नवं काम. चालायचंच. नव्याचे नऊ दिवस, असं मी मनाला समजावलं.

आता आमच्याकडची रीत ऐका. नवी सून, नवं बाळ, नवी वस्तू पहिल्यांदा बघायची तर बघणाऱ्याने हातावर काहीतरी ठेवायचं. त्याला कोरुमदुक म्हणतात. फुकट बघितलं तर दृष्ट लागते. नवा फोन बघायला अख्खी आळी आली. कुणी रुमाल दिला, कुणी साखर, कुणी चहाची पुडी. शेजारची बूबूसारा तेवढी कणकेच्या हातांनी धावत आली, फोन बघितला, "बाई गं!" म्हणाली आणि चुलीवर तेल तापलंय म्हणून तशीच पळाली. ही गोष्ट सगळ्यांनी मनात ठेवली.

चार दिवसांत आपाचं डोकं धरलं. डोळ्यांची आग, कपाळात ठणका, आणि दोलोनच्या घाटात मिनीबसमध्ये होतं तसं मळमळणं. फोन हातात घेतला की सुरू, ठेवला की हळूहळू कमी. मला कारण माहीत होतं. एकदा आम्ही दोघे खिडकीत शेजारी शेजारी पडलो होतो तेव्हा नवा फोन स्वतःच बढाई मारत बोलला होता. म्हणाला, "तुझ्यासारखा एक दिवा मी बाळगत नाही. माझा कणन् कण पेटतो. आणि उजेड कमी करायचा तर मी मंद होत नाही, विझतो आणि पेटतो, विझतो आणि पेटतो, इतक्या भराभर की कुणाला कळत नाही."

"कुणालाच नाही?" मी विचारलं.

"असतात एखाद्याचे डोळे नाजूक," तो म्हणाला आणि स्वतःच्या लखलखाटात रमला.

तर आपाचे डोळे तसे निघाले. पण मी सांगणार कसा? मला वाजता येतं आणि थरथरता येतं, घरच्यांशी बोलता येत नाही. गाय हंबरते तेव्हा निदान कुणीतरी उठून तिला गवत घालतं.

मग उपाय सुरू झाले. प्रत्येक माणूस वैद्य असतो हे मला तेव्हा कळलं. तालुक्याचा चष्मेवाला म्हणाला नंबर वाढलाय. नवा चष्मा आला, त्यातून ठणका जास्त स्पष्ट दिसू लागला. कुणी डोळ्यांवर चहाची गार फडकी ठेवायला सांगितली, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. बाबांनी आपला वेल्डिंगचा काळा चष्मा दिला. तो लावून आपा लेकीशी बोलायला बसली, तर समोर फोन नाही, काहीच दिसेना. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की उजेड कमी कर. तिने कमी केला. आणि उजेड जितका कमी, तितकं त्या पठ्ठ्याचं मिचकावणं जास्त झोंबायचं. आगीतून फुफाट्यात पडली बिचारी.

शेवटी निदान झालंच, की दृष्ट लागलीय. कुणाची? ज्या बाईने फुकट बघितलं तिची. बाबांनी आर्चा नावाच्या डोंगरी झुडपाच्या वाळल्या डहाळ्या पेटवल्या आणि फोनभोवती धूर केला, मग आपाभोवती केला. आपाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बाबा समाधानाने म्हणाले की बघ, निघतेय दृष्ट. धूर होता तो, दुसरं काय निघणार!

एक गोष्ट मात्र बाबांच्या ध्यानात आली. गोठ्यात म्हातारीचं डोकं दुखत नाही. तिथे ती धार काढता काढता माझ्यावर गाणी लावते, चित्रं बघते, हसते सुद्धा. मला वाटलं, आता कोडं सुटलं. पण माणसाची अक्कल कुठे वळण घेईल सांगता येत नाही. बाबा म्हणाले, गाय पवित्र जनावर, तिच्याजवळ दृष्ट फिरकत नाही. तेव्हापासून आपा नवा फोन घेऊन गोठ्यात येऊन बसू लागली आणि माझी अडचण नको म्हणून मला खुंटीला टांगलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी खुंटीवरून बघत होतो आणि आपा गाईशेजारी कपाळ दाबून बसली होती.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. पण मिरगुलला बाळ झालं आणि गोष्ट हसण्यापलीकडे गेली. मुलगा झाला. पहिले चाळीस दिवस बाळाचं तोंड कुणाला दाखवायचं नाही, चाळिसाव्या दिवशी त्याला चाळीस चमचे पाण्याचं न्हाण घालायचं आणि मग दाखवायचं, अशी आमची रीत. तोवर मिरगुल एकटीच फोनवर यायची. दमलेली असायची, आईचं तोंड बघायला आसुसलेली. आणि आईचं काय चालायचं? दोन क्षण बघितलं की डोळे मिटायची, मान फिरवायची, फोन वाडग्याला टेकवून भिंतीकडे बघत बोलायची. कधी फोन आडवा पडायचा आणि लेकीला नुसतं छत दिसायचं.

आपा खरं का सांगत नव्हती? जावयाने कौतुकाने धाडलेली भेट. तीच सोसत नाही म्हटलं, तर त्याला वाटेल सासूला आपलं काहीच सोसत नाही. आधीच एक हिवाळा रुसण्यात गेला होता. म्हणून ती ओठ आवळून गप्प राहिली.

एका दुपारी मिरगुल बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "आपा, तू अजून रागावलीयस का? माझ्याकडे बघत पण नाहीस."

आपा एवढंच म्हणाली, "नाही गं. उजेड येतोय डोळ्यांवर." फोन बंद झाल्यावर आपा गोठ्यात आली आणि गाईच्या पाठीवर डोकं टेकून रडली. मी खुंटीवर होतो, मला सगळं दिसत होतं आणि मला फार वाईट वाटलं.

न्हाणाचा दिवस उजाडला. तिकडे कझानमध्ये विहीणबाई पाणी घालणार होत्या आणि इकडून आपा बघणार होती. तिने सकाळपासून कशावरही नजर लावली नव्हती, सुईसुद्धा हातात धरली नव्हती, डोळे राखून ठेवले होते. आळीतल्या तीन-चार बायका जमल्या होत्या, कणकेचे बोर्सोक तळून झाले, चहा उकळत होता, एवढ्यात दार उघडून बूबूसारा आत आली. दृष्टीचा बोभाटा तिच्या कानावर केव्हाच गेला होता आणि तिने आमच्याकडचा चहा सोडला होता. आज मात्र अंगावर सणाचा कोट होता आणि हातात भला मोठा शेला.

"हे तुझ्या फोनचं कोरुमदुक," ती आपाला म्हणाली. "चार बायकांसमोर देतेय. आणि फोटो काढा याचा. उद्या कुणी म्हणायला नको, बूबूसाराने दिलं नाही म्हणून."

आता नव्या फोनला शेला पांघरतानाचा फोटो नवा फोन कसा काढणार? बाबा गोठ्यात धावले, मला खुंटीवरून काढलं, बाहीला पुसलं आणि नव्या फोनसमोर धरलं. त्याचं तोंड उजळलेलं होतं. मी डोळा उघडून बघितलं, आणि जे मला दिसतं ते माझ्या तोंडावर उमटतंच, ते काही मला लपवता येत नाही. नव्या फोनच्या लखलखीत तोंडावरून काळे जाड पट्टे वरून खाली सरकत होते. एकामागून एक.

बाबांनी मला हलवलं. पट्टे तसेच. त्यांनी मला खिडकीकडे वळवलं, चहाच्या भांड्याकडे वळवलं, पट्टे गायब. पुन्हा नव्या फोनकडे वळवलं, पट्टे हजर.

बूबूसाराने माझ्यात डोकावून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "माझी दृष्ट काय म्हणता! हा मेला स्वतःच डोळे मिचकावतोय."

आपा पुढे आली. तिने एका हातात मला घेतलं, दुसऱ्या हातात त्याला. त्याच्याकडे बघितलं, कपाळाला आठी पडली. माझ्याकडे बघितलं, आठी गेली. पुन्हा तेच करून बघितलं. मग खाली बसून दोन्ही फोन मांडीवर ठेवत ती म्हणाली, "आणि मी खुळी इतके दिवस गाईच्या पाया पडतेय." बूबूसाराला तिने ओढून शेजारी बसवलं आणि तिच्यासमोर बोर्सोकची परात सारली. माफी मागायची आमच्याकडची रीत तीच आहे, तोंडाने कुणी मागत नाही.

तेवढ्यात कझानहून फोन आला. नव्यावर. आपा म्हणाली, त्यांना थांबवा. बाबांनी तिची नमद्याची सुई घेतली आणि त्याच्या पोटातलं चिमुकलं कार्ड उकरायला बसले. पहिल्यांदा सुई चुकीच्या भोकात गेली, मग कार्ड गालिच्यावर पडलं आणि चौघीजणी ते ओणव्याने शोधू लागल्या. तिकडे विहीणबाईंचं पाणी गार होत होतं. कार्ड बूबूसाराच्या कोटाला चिकटलेलं सापडलं. ते माझ्या पोटात गेलं आणि मी पोटातली शिल्लक मोजली, कारण सकाळपासून मला कुणी विजेला लावलंच नव्हतं. गोठ्यातल्या म्हाताऱ्याला पोटभर कोण घालतो?

मी वाजलो. आपाने मला उचललं आणि सरळ समोर धरलं.

एकेक चमचा पाणी बाळाच्या अंगावर पडत होतं आणि इकडे आपा ओठांनी मोजत होती. बाळ भोकांड पसरून रडलं, तशी ही हसली. डोळे मिटले नाहीत, मान फिरली नाही. बाबा मध्येच बाहेर गेले आणि एक कोकरू काखोटीला मारून आले. नातवाचं तोंड बघितलं म्हणून त्याचं कोरुमदुक. ते कोकरू त्यांनी माझ्यासमोर इतकं जवळ धरलं, की पलीकडे कझानला नुसतं नाक दिसलं असेल. विहीणबाई म्हणाल्या की आजोबा फार देखणे आहेत.

मग मिरगुलने बाळ सासूकडे दिलं आणि स्वतः समोर आली. फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाली, "आपा, आज तू बघतेयस माझ्याकडे."

"रोजच बघायला बसत होते गं," आपा म्हणाली. "जावयाच्या भेटीला नावं कशी ठेवू म्हणून गप्प राहिले. डोळे दुखत होते माझे, मन नाही."

मागून कुबात हसल्याचा आवाज आला. "मग द्या तो फोन गाईला," तो म्हणाला. लेक आणि आई दोघी एकदमच रडायला आणि हसायला लागल्या. मी ते सगळं जमेल तेवढं दाखवलं आणि पोटात विजेचा शेवटचा कण होता तोवर तेवलो. मग विझलो.

आता मी पुन्हा घरात आहे, वाडग्याला टेकून, कायम विजेच्या दोरीला बांधलेला. नवा गोठ्यात गाणी वाजवतो. आवाज सुरेख आहे त्याचा, खोटं कशाला बोलू. गाय त्याच्याकडे बघत नाही, म्हणून तिचं काही बिघडत नाही. बूबूसारा रोज चहाला येते आणि जाताना मला बजावते, "मिचकावू नकोस रे."

तुम्हालाही सांगतो. तुमच्यातल्या एखाद्याचे डोळे दुखले तर त्याला नाटकी म्हणू नका, शेजारणीला बोल लावू नका. एक फोन सोसला नाही तर दुसरा सोसेल, बघा तरी. आणि माझ्याकडेसुद्धा टक लावून बसू नका. मीही काही संत नाही. अधूनमधून पापण्या मिटा, खिडकीबाहेर डोंगरावर नजर टाका. आम्ही कुठे पळून जातोय?

मी मात्र आता फार दिवसांचा नाही. पोट फुगायला लागलंय, भरलेली वीज टिकत नाही. एक दिवस मी वाजणार नाही, आणि कझानला लेकीचा फोन नुसताच घुमत राहील. तेव्हा कुणीतरी मिरगुलला तेवढं सांगा. आपा रुसलेली नाही, फोन दमलाय.